केतकी नावाची फाइल

विषय क्र. ४ (आधी घेतला)

"ह्यात केतकी असं कुठं लिवलंय?"

पोवारकाकांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तो कागद मीच आदल्या दिवशी प्रिंट करून आणला होता.

इंगवले साहेब त्यांच्या केबिनच्या खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. शुक्रवार, अकराची वेळ. साडेअकराला संचालक मंडळाची बैठक होती आणि तोवर साहेबांना एक नाव हवं होतं.

"दिनकर, शब्दात पकडू नकोस," साहेब न वळता म्हणाले. "ही गोष्ट ह्या इमारतीत तीन माणसांना माहीत होती. मला, मॅडमना आणि तुला."

"होय साहेब."

"मी कुणाला सांगितली नाही. मॅडमनीही नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. स्वतः टाइप केलेल्या कागदात न टाइप केलेली ओळ दिसावी, तसं ते बघत होते.

"मॅडम, मला सगळंच ठाऊक होतं. जर्मनांचं नाव, किती टक्के, सही कधी. फोडायचंच म्हटलं असतं तर हे फोडलं असतं की. हितं नुसतं 'काहीतरी आहे' एवढंच हाय. ज्याला काय बी म्हाईत नाही तो माणूस असं लिवतो."

मुद्दा बरोबर होता. मला तो त्या क्षणीही बरोबर वाटला होता. तरी मी म्हणाले, "काका, सावध माणूसही असंच लिहितो."

चौदा वर्षं झाली. हे वाक्य अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं.


विषय क्र. १ : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे

आंबाघाट कास्टिंग्ज लिमिटेड. कोल्हापूरजवळ शिरोलीला ओतकामाचा कारखाना. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे सुटे भाग. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, पण मुंबईत कुणाला नाव सांगितलं तर तो हॉटेल आहे का विचारायचा.

मी, शलाका रेगे, तिथं कंपनी सेक्रेटरी होते. वय छत्तीस. बैठका भरवायच्या, इतिवृत्तं लिहायची, बाजाराला पत्रं पाठवायची. आणि आतली बातमी जाहीर होईपर्यंत आत ठेवायची.

त्यासाठी एक जाड रजिस्टर होतं. मोठी ऑर्डर, जमीन, भागीदारी असं काही शिजायला लागलं की ज्यांना ते माहीत आहे त्यांची नावं त्यात चढायची, नावापुढे सही. त्या दिवसापासून बातमी जाहीर होईपर्यंत त्या माणसांनी कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत. आम्ही याला बंदी म्हणायचो. तिमाही निकालांच्या आधीची बंदी ठरलेली, ती सगळ्या जगाला माहीत असते. अशी मधेच लागणारी ती विशेष बंदी. ती लागली आहे, हेसुद्धा बाहेर कळता कामा नये. रजिस्टरमध्ये पहिली सही नेहमी माझी.

त्या वर्षी तीन बातम्या फुटल्या. डिसेंबरात पवनचक्कीच्या भागांची ऑर्डर, मार्चमध्ये कागलची जमीन, जूनमध्ये एका ट्रॅक्टर कंपनीशी करार. तिन्ही वेळा बातमी जाहीर व्हायच्या आधी पाच-सहा दिवस शेअर चढायला लागला. तिसऱ्या वेळी बाजाराचं पत्र आलं: ही माहिती कोणाकोणाला होती, त्यांची नावं कळवा.

आणि तिन्ही वेळा बोर्डावर 'गवंडी' बोलला होता.

बोर्ड म्हणजे शेअरवाल्यांच्या एका वेबसाइटवरचं गप्पांचं पान. प्रत्येक कंपनीचं वेगळं. सगळे टोपणनावानं लिहायचे. आमच्या पानावर वीसेक माणसं रोजची. निवृत्त बँकवाले, सुरतेचा एक कापडवाला, स्वतःला 'बुलराजा' म्हणवणारा दातांचा एक डॉक्टर. भाषा खिचडी. इथं मी ती मराठीत देते.

    बुलराजा : कागलचा दुसरा कारखाना सुरू झाला. पक्की खबर.
    मास्तर : सुरू झालेला नाही. फक्त जागा घेतली आहे. वार्षिक अहवाल, पान १४.
    बुलराजा : मास्तर, तुम्ही लग्नाच्या पंगतीतही पान नंबर विचारत असाल.
    मास्तर : पंगतीत पान केळीचं असतं. त्याला नंबर नसतो.

हा मास्तर मी होते.

पानावर लक्ष ठेवा असं साहेबांनीच सांगितलं होतं. लक्ष ठेवायला लिहावं लागत नाही, हे मला कळत होतं. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं की आमची मोठी भट्टी बंद पडली आहे, आणि मला राहवलं नाही. मग सवयच लागली. सकाळी चहाबरोबर दोन चुका दुरुस्त करायच्या, दुपारी एक. छापून जाहीर झालेलं नाही असं एक अक्षर मी तीन वर्षांत लिहिलं नाही. बंदी लागली की बोर्डावर जायचं, वाचायचं, पण लिहायचं नाही, हाही माझा नियम. घाईत काही निसटायला नको. हे नियम कुणी घालून दिले नव्हते. मीच घालून घेतले होते, आणि त्यांचा मला अभिमान होता. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. निदान तसं मी समजत होते.

गवंडी मात्र कमी बोलायचा. महिनोन्‌महिने गप्प. मग एकदम:

    गवंडी : काहीतरी आहे. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.
    बुलराजा : शेठ, तुमचा कोण माणूस आहे आत?
    गवंडी : माणूस नाही. मी फक्त बघतो.


विषय क्र. २ : नावांचा विचार

तिन्ही बातम्यांच्या यादीत असलेली नावं चार. रणधीर इंगवले, व्यवस्थापकीय संचालक. जठार, हिशेबखात्याचे प्रमुख. दिनकर पोवार, साहेबांचे स्टेनो, नोकरीला सत्तावीस वर्षं. आणि मी.

मी स्वतःला वगळलं. उरले तीन.

जुलैभर मी त्या तिघांना बघत होते. तुम्ही एखाद्या माणसाकडे संशयानं बघायला लागलात की तो साधा पाणी प्यायला उठला तरी कशासाठी उठला असं वाटतं. जठार फोनवर बोलताना दार लोटून घ्यायचे. ते आधीपासूनच लोटून घ्यायचे, की हल्ली?

एकदा ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले.

"रेगे मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा मला प्राप्तिकरवाल्यांची आठवण येते. सरळ विचारा ना. माझा मेव्हणा ब्रोकर आहे. आहे! लक्ष्मीपुरीत त्याचं ऑफिस आहे, पाटी लावलेली. पण त्याचं नि माझं तीन वर्षं बोलणं नाही."

"का?"

"त्याच्या मुलीच्या मुंजीत—"

"मुलीच्या?"

"मुलाच्या हो. बघा, तुम्ही बघायला लागलात की माणूस घाबरून खोटं बोलतो. मुलाच्या मुंजीत मला आहेर म्हणून टॉवेल दिला. एक. त्याच्यावर त्याच्याच ऑफिसचं नाव छापलेलं."

मी हसले. पण मुंज खरी होती का हे नंतर शोधून काढलं. होती.

साहेबांवर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या पगारपत्रकावर संशय घेणं. तरी घेतला. त्यांच्या बहिणीच्या खात्यातले शेअर तपासले. हललेले नव्हते.

राहिले पोवारकाका. त्यांनी नवा मोबाइल घेतला होता. दुपारी चारला ते कँटीनच्या मागे जायचे, एकटेच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एक पत्र द्यायला त्यांच्या टेबलाशी गेले तर त्यांच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडं. बोर्ड.

"काय बघताय, काका?"

त्यांनी घाईनं झाकायला हवं होतं. झाकलं नाही.

"आपलं शेअरचं. माझे हाईत की थोडे, कंपनीनं दिलेले." मग थांबून, माझ्याकडे नीट बघत: "तुम्ही वाचता का हे मॅडम?"

"कधीतरी."

"हं," ते म्हणाले. "लोक काय काय लिवतात."

त्या 'हं'वर मी दोन रात्री झोपले नाही.


विषय क्र. ३ : सापळा. (कार्यक्रमपत्रिकेत हा विषय छापलेला नव्हता.)

"एक खोटी गोष्ट तयार करा," साहेब म्हणाले. "ती फक्त दिनकरला कळू दे. फुटली तर तो. नाही फुटली तर मग जठारला दुसरी."

"साहेब, हे नियमात बसत नाही."

"बातम्या फुटतात ते बसतं?"

मी गोष्ट तयार केली. एक जर्मन कंपनी आमचे सव्वीस टक्के घेणार. दोन पानी टिपण, तारखा, टक्केवारी. मोठ्या व्यवहारांना आम्ही टोपणनाव द्यायचो, म्हणून फाइलवर लिहिलं: प्रोजेक्ट केतकी. आणि ते खरं वाटावं म्हणून खऱ्या व्यवहाराला जे जे करतात ते सगळं केलं. सोमवारी सकाळी रजिस्टर काढलं, विशेष बंदीचं नवं पान उघडलं. पहिली सही माझी. दुसरी साहेबांची. मग रजिस्टर काकांपुढे ठेवलं.

त्यांनी टिपण दोनदा वाचलं.

"सव्वीस टक्के म्हणजे लई झालं की ओ."

"हो. काका, हे तिघांतच आहे."

"ते हाय." त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मॅडम, एक विचारू? हे जर्मन आले तर स्टेनो ठिवत्यात का? त्यांचं सगळं कॉम्प्युटरवर आसतंय. माझी तीन वर्षं राहिल्यात. तीन गेली की मग मी काय बी म्हणणार नाही, जपानी आणा."

"तुम्हाला कोण काढतंय, काका."

असं मी म्हणाले. ही फाइल त्यांच्यासाठीच होती.

त्या आठवड्यातलं पान हे असं:

    सोमवार
    बुलराजा : यंदा लाभांश दुप्पट. पक्की खबर.
    बुलराजा : मास्तर, बोला. पान नंबर द्या.

    मंगळवार
    सुरती : लाभांशाची तारीख कुणाला माहीत आहे का? मास्तर?

    बुधवार
    सुरती : कुणी सांगेल का?
    बुलराजा : कंपनी पुण्याला हलणार असे ऐकतो.

    गुरुवार
    गवंडी : काहीतरी आहे. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

गुरुवारी दुपारपर्यंत शेअर सहा टक्के वर. मी जवळजवळ धावत जाऊन ते पान साहेबांपुढे ठेवलं. भीतीनं नाही. आपण बरोबर होतो, या आनंदानं.


विषय क्र. ४ (पुढे चालू)

शुक्रवारच्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. त्यात एवढंच आहे:

    "अध्यक्षांनी सभेस माहिती दिली की, व्यवस्थापकीय संचालकांचे लघुलेखक श्री. दि. रा. पोवार यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आहे. मंडळाने तो नोंदवून घेतला व त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार मानले."

इतिवृत्तात न आलेलं:

की काका शेवटी म्हणाले, "मी नाही केलं, साहेब," आणि साहेब म्हणाले, "दिनकर, पोलिसात न देता सोडतोय, एवढं माझं ऐक."

की त्यावर काकांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता कबूल होतील.

की साहेबांची पत्रं टाइप करणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःचा राजीनामा त्यांनीच टाइप केला. सत्तावीस वर्षांत एकदाही खाडाखोड न केलेल्या माणसानं तो तीनदा टाइप केला. समास नीट येत नव्हता म्हणाले.

की बैठकीनंतर चहा-बाकरवडी आली आणि जठार म्हणाले, "चला, मेव्हणा सुटला."


तीन आठवड्यांनी रत्नागिरीला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी नऊ दिवस रजा घेतली. घरी इंटरनेट नव्हतं. डोळ्यात औषध घालायचं, तिला पेपर वाचून दाखवायचा, शेजारच्या बायकांना तिच्या उशाशी रडू द्यायचं नाही, एवढंच काम. कंपनीत त्या दिवसांत काहीही चाललेलं नव्हतं. ऑर्डर नव्हती, जमीन नव्हती, जर्मन तर नव्हतेच.

परत आले त्या सकाळी जठार जिन्यात भेटले.

"मॅडम, शेअर नऊ टक्के वर. पुन्हा. आणि या वेळी आत काहीच नाही! मग फुटलं काय? आता पोवार पण नाही."

मी खुर्चीत बसले आणि पान उघडलं. पर्स खांद्यालाच होती.

    गवंडी : काहीतरी आहे. या वेळी मोठे.
    बुलराजा : शेठ, आता सांगूनच टाका. तुमचा माणूस कोण?
    सुरती : हो, सांगा. आम्ही कुणाला सांगतोय.
    गवंडी : दर वेळी विचारता म्हणून सांगतो. माझा कुणी माणूस नाही. मी मास्तरांकडे बघतो.
    बुलराजा : मास्तर? ते तर छापलेलेच सांगतात.
    गवंडी : बोलतात तेव्हा छापलेलेच. पण गप्प कधी होतात ते बघा. निकालाआधी बंदी असते, तेव्हा मास्तर तीन वर्षांत एकदाही बोललेले नाहीत. बाहेरच्या माणसाने बंदी कशाला पाळावी? म्हणजे मास्तर आतले. आणि सज्जन. मग मी वहीत लिहायला लागलो. एरवी रोज दोन-तीन वेळा बोलतात. डिसेंबरात तीन तारखेला गप्प झाले, चौदाला ऑर्डर आली. मार्चमध्ये आठ दिवस गप्प, जमीन आली. जूनमध्ये सात दिवस, करार आला. ऑगस्टमध्ये चार दिवस गप्प, आणि काहीच आले नाही. तेवढे एक माझे चुकले. आता नऊ दिवस झाले.
    बुलराजा : मास्तर गप्प म्हणजे घ्या!
    सुरती : मी आधीच घेतले.

ऑगस्ट. सोमवार ते गुरुवार.

बंदीच्या पानावर सही केली आणि माझं मास्तरपण आपोआप मिटलं होतं. फाइल खोटी आहे हे मला माहीत होतं. फाइल मीच तयार केली होती. पण रजिस्टर खरं होतं, सही खरी होती, आणि सवय तर त्या दोन्हींपेक्षा खरी.

जठार दारात उभे होते. "काय, लागला का पत्ता?"

"हो," मी म्हणाले.

"कोण?"

मी पर्स खाली ठेवली. "सांगते. आधी बसा."


(पुढचं थोडक्यात. याचं इतिवृत्त दुसऱ्या लोकांकडे आहे.)

मंडळापुढे मी उभी राहिले. बाजारानं चौकशी केली, नंतर आमच्या कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेनंही. अठरा महिने मला कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करता आली नाही. पुढे करता आली असती, पण मी चिपळूणला कॉलेजात कंपनी कायदा शिकवायला लागले, ती अजून शिकवते. मुलं विचारतात की आतली बातमी म्हणजे नेमकं काय. मी पुस्तकातली व्याख्या सांगते. ती अपुरी आहे.

गवंडीला काही झालं नाही. त्यानं कायद्यानं काहीच चोरलं नव्हतं. तो खरोखरच गवंडी निघाला असं कुणीतरी म्हणालं. साताऱ्याकडे घरं बांधायचा.

कंपनीनं पोवारकाकांना परत बोलावलं. ते गेले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी एक सकाळ होती, आणि तिचा विषय कुठल्याच पत्रिकेत नव्हता.


आयत्या वेळचे विषय

कोर्टाच्या कंपाउंडला लागून टायपिंगवाल्यांची टपऱ्यांची रांग होती. शेवटच्या टपरीत काका बसले होते. मशीन कुणाचं तरी उसनं, जुनं. समोर एक म्हातारी प्रतिज्ञापत्र घ्यायला थांबली होती. तिचं झालं तसं त्यांनी मान वर केली.

"या मॅडम. बसा. खुर्चीचा एक पाय जरा सांभाळून."

मी मंडळाला लिहिलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. हातानं लिहिलेलं, दोन पानं. ऑफिसात ते कुणाकडून टाइप करून घ्यावं हे मला कळलं नव्हतं. असं मी स्वतःला सांगितलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. सावकाश. मधे एकदा मागच्या पानावर गेले आणि तारखा पुन्हा बघितल्या. संपल्यावर कागद मशीनवर आडवा ठेवला.

"म्हणजे तुम्ही गप बसत होता म्हणून," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला वाटलं, बोलत होता म्हणून."

मला कळलं नाही.

"मास्तर तुम्ही, हे मला दोन वर्षं म्हाईत हाय. सहीला कागद घेऊन यायचो तवा तुमच्या पडद्यावर दिसायचं की. मलाही मजा वाटायची. चार वाजता कँटीनमागं जाऊन वाचायचो, आज मास्तरांनी कुणाला हाणलं म्हणून. मग जूनमध्ये ते पत्र आलं. तवा पहिल्यांदा डोक्यात आलं, की आतलं माणूस त्या पानावर एकच हाय. वाटलं, तुम्ही त्या गवंडीला खुणा करताय. मी तुमचे जुने मेसेज काढून वाचत बसायचो. कुठल्या पान नंबरात काय दडलंय का बघायचो. सापडंना."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर—"

"मग? तुम्ही एकट्याच संशय घेणार?"

ते हसले नाहीत. मीही नाही.

"मग त्या शुक्रवारी बोलला का नाहीत, काका? साहेबांपुढे? माझं नाव घेतलं असतं तर तुम्ही सुटला असता."

"घेणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं." त्यांनी मशीनची पट्टी उगाच सरकवून पाहिली. "पण सापडलं नव्हतं ओ काही. न सापडता कुणाचं नाव कसं घ्यायचं? म्हटलं, मॅडम शिकलेल्या हाईत, आत्ता बोलतील. मी वाट बघत होतो."

टपरीसमोरून दोन वकील भांडत गेले.

"हितं एक हाय," काका म्हणाले आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "'माझ्या माहितीप्रमाणे श्री. पोवार यांचा या प्रकाराशी संबंध नव्हता.' माझ्या माहितीप्रमाणे कशाला?"

"सवय आहे. सगळ्याच पत्रांत तसं लिहितो आपण."

"ठेवायचं का काढायचं?"

मी पेन घेतलं आणि ते दोन शब्द खोडले. ते बघत राहिले, रेघ नीट शेवटपर्यंत गेली का ते.

"बायको पण विचारली," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी घरात गेलो तर जेवायला वाढली आणि विचारली, खरं सांगा, केलंय का तुम्ही? एकतीस वर्षं झाली लग्नाला. नाही म्हटलं तर 'बरं' म्हटली. नुसतं बरं. त्या दिवसापासनं कोण फोनवर असलं आणि मी आत आलो की फोन ठेवती."

त्यांनी कोऱ्या कागदांची चळत ओढली, कार्बन काढले.

"प्रती किती?"

"तीन. एक मंडळाला, एक बाजाराला, एक माझी."

त्यांनी कागद, कार्बन, कागद, कार्बन असे एकावर एक लावले. तिसरा कागद झाला. मग त्यांनी अजून एक कार्बन घेतला आणि त्याखाली चौथा कागद सारला.

"चौथी फिकट येईल, काका."

"येऊ दे," ते म्हणाले आणि गठ्ठा मशीनमध्ये चढवला. "घरात वाचता आली म्हणजे झालं."